वाचक विचारतात : स्किप स्पेन्स होता तरी कोण?

गेल्या अंकात साठच्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोवर लिहिताना मी स्किप स्पेन्सचं नाव एका ओळीत घेतलं आणि पुढे गेले. तेवढ्यावर इतकी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्याच्यावरच. एकाच मुद्द्याची पत्रं एकत्र केलीत, नावं गाळलीत.

प्रश्न : ताई, तुम्ही लिहिलंत की स्पेन्सचा 'ओअर' हा तुमच्या आयुष्यातला सगळ्यात जास्त ऐकलेला अल्बम आहे. मी साठच्या दशकातलं रॉक बऱ्यापैकी ऐकतो पण हे नाव कधी कानावर आलं नाही. कोण हा माणूस आणि तो आम्हाला माहीत का नाही?

तुम्ही त्याला ऐकलेलं आहे, फक्त तुम्हाला माहीत नाही. जेफरसन एअरप्लेन या सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉक बँडचा पहिला अल्बम, १९६६ सालचा, त्यावर ड्रम्स वाजवणारा मुलगा म्हणजे स्किप स्पेन्स. त्यांच्या दुसऱ्या, खूप गाजलेल्या अल्बमवर 'माय बेस्ट फ्रेंड' नावाचं गोड गाणं आहे, ते लिहिलंय यानेच, आणि गंमत म्हणजे तोपर्यंत तो बँडमधून बाहेरही पडला होता.

खरं नाव अलेक्झांडर स्पेन्स. जन्म १८ एप्रिल १९४६, कॅनडातल्या विंडसरचा. पुढे घरचे कॅलिफोर्नियात सॅन होजेला आले. हा मुळात गिटारवाला. १९६५ मध्ये एअरप्लेनचा मार्टी बॅलिन ड्रमर शोधत होता आणि मेट्रिक्स नावाच्या क्लबमध्ये त्याला हा दिसला, आणि नुसतं दिसण्यावरून त्याने ठरवलं की हाच आपला ड्रमर. स्पेन्सने शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवले होते, बस, तेवढ्या भांडवलावर तो बसला आणि अख्खा अल्बम वाजवून मोकळा झाला. हे आधी सांगतेय कारण पुढे याचा संबंध येणार आहे. हा माणूस एकच वाद्य वाजवणारा नव्हता, याच्या अंगातच ताल होता.

वर्षभरात एअरप्लेन सुटलं, कुणाला न सांगता मेक्सिकोला निघून गेला म्हणून काढून टाकलं. मग तो मोबी ग्रेपमध्ये आला. पाच जणांचा बँड, त्यात तीन गिटार, पाचही जण गाणारे आणि पाचही जण लिहिणारे. जेरी मिलर, पीटर लुईस, बॉब मोस्ली, डॉन स्टीव्हन्सन आणि हा. त्या काळात सॅन फ्रान्सिस्कोचे बँड एकेक गाणं वीस वीस मिनिटं ताणायचे, आणि हे लोक अडीच मिनिटात सगळं सांगून मोकळे. स्पेन्सचं 'ओमाहा' ऐका. गिटारचा गरगरणारा आवाज एका कानातून दुसऱ्या कानात जातो आणि तिथून जे सुटतं ते संपेपर्यंत श्वास घेऊ देत नाही. मी आजही ते लावलं की उभी राहते, बसून ऐकताच येत नाही.

माहीत का नाही, याचं उत्तर पुढच्या प्रश्नात येतंय, कारण ती एक वेगळीच कहाणी आहे.

प्रश्न : मी मार्केटिंगमध्ये काम करतो. एका रेकॉर्ड कंपनीने एकाच दिवशी एकाच बँडच्या पाच सिंगल्स काढल्या होत्या असं कुठेतरी वाचलं होतं, तो बँड हाच का? आणि त्याने बँड बुडाला हे खरं का? मला तर आयडिया जबरदस्त वाटते.

हो, हाच. कोलंबिया कंपनी, जून १९६७. अल्बममध्ये तेरा गाणी, त्यातली दहा गाणी पाच सिंगल्सच्या, म्हणजे बाजूला एकेक गाणं असलेल्या छोट्या तबकड्यांच्या, दोन्ही बाजूंना टाकून सगळ्या एकदम बाजारात. तुम्हाला जबरदस्त वाटते कारण तुम्ही आजच्या हिशोबाने बघताय, आज अख्खा अल्बम एका रात्रीत येतो आणि कुणाला काही वाटत नाही. तेव्हा रेडिओवर एका बँडचं एक गाणं चालायचं. ते गाणं पंधरा दिवस, महिनाभर वाजत राहायचं, वर चढायचं, मग दुसरं यायचं. रेडिओवाल्याच्या टेबलावर एकाच बँडच्या पाच तबकड्या आल्या तर तो कुठली लावणार? एका शहरात एक वाजली, दुसऱ्यात दुसरी, आणि कुठल्याच गाण्यामागे पुरेसा जोर जमला नाही. पाचातलं फक्त 'ओमाहा' लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकन यादीत शिरलं, तेही ८८ व्या नंबरपर्यंत.

आणि दुसरं नुकसान जास्त मोठं होतं असं मला वाटतं. सॅन फ्रान्सिस्कोचं त्या वेळचं पब्लिक जाहिरातबाजीला अत्यंत चिडायचं. कंपनीने ॲव्हलॉन बॉलरूममध्ये जी पार्टी दिली तिच्यात वरून जांभळी ऑर्किडची फुलं पाडली, बँडचं नाव छापलेल्या वाइनच्या बाटल्या आणल्या आणि बुचं काढायचं यंत्र आणायलाच विसरले. लोक फुलांवरून घसरत होते. त्याच रात्री बँडमधल्या तिघांना पोलिसांनी धरलं, सोबत अल्पवयीन मुली होत्या म्हणून, त्यात स्पेन्सही होता. आरोप पुढे टिकले नाहीत पण पेपरात नाव आलं ते आलंच. ज्या गावातले लोक कालपर्यंत यांना आपलं म्हणत होते तेच म्हणायला लागले की ही कंपनीची पोरं आहेत.

मग माँटेरेचा संगीत महोत्सव. त्याच जूनमध्ये मोबी ग्रेप तिथे वाजले, पण त्याच्यावर जो सिनेमा निघाला, जो जगाने बघितला आणि ज्याने कितीतरी जणांचं नशीब उघडलं, त्यात हे नाहीत. मॅनेजमेंटचा वाद. पुढे त्याच मॅनेजरने, मॅथ्यू कॅट्झने, बँडच्या नावावर हक्क सांगितला, भलतीच पोरं उभी करून मोबी ग्रेप म्हणून फिरवली, आणि खऱ्या पाच जणांना स्वतःचं नाव वापरण्यासाठी अनेक वर्षं कोर्टात जावं लागलं. तरी तो पहिला अल्बम २४ व्या नंबरपर्यंत गेला होता बरं का. म्हणजे लोकांना आवडत नव्हतं असं अजिबात नाही. घाई कंपनीला होती.

तुमच्या क्षेत्राच्या भाषेत सांगायचं तर माल उत्तम होता, आणि तो एका दिवसात खपवायला काढला.

प्रश्न : स्पेन्सने कुऱ्हाड घेऊन बँडमधल्या माणसावर हल्ला केला होता हे खरं आहे का? मित्र म्हणतो एलएसडीमुळे वेडा झाला आणि त्या वेडातच भारी अल्बम केला. म्हणजे वेड हीच त्याची प्रतिभा का?

या एका मुद्द्यावर सगळ्यात जास्त पत्रं आहेत, म्हणून जरा नीट लिहिते.

घटना खरी आहे. १९६८, न्यूयॉर्क, दुसऱ्या अल्बमचं रेकॉर्डिंग चालू होतं. बँड अल्बर्ट हॉटेलमध्ये उतरला होता. कॅलिफोर्नियातली मुलं, घरापासून लांब, पैशाची ओढाताण, आणि स्पेन्स तिथे वेगळ्याच लोकांच्यात मिसळायला लागला, एलएसडीची नशा आधीपासून होतीच. एक दिवस त्याने हॉटेलमधली आग विझवणाऱ्यांची कुऱ्हाड उचलली आणि डॉन स्टीव्हन्सनच्या खोलीचं दार तोडायला गेला. डॉन तिथे नव्हता. मग हा कुऱ्हाड घेऊन थेट सीबीएसच्या, म्हणजे कोलंबियाच्या मालक कंपनीच्या, इमारतीत गेला, तिथे त्याच्या हातातून ती काढून घेतली. कुणाला इजा झाली नाही. आधी तुरुंग आणि मग बेलव्ह्यू हॉस्पिटल, तिथे साधारण सहा महिने. निदान झालं स्किझोफ्रेनिया.

आता वेड हीच प्रतिभा, हे वाक्य मला सहन होत नाही आणि मी ते स्पष्ट सांगते. जरा तारखा बघा. 'ओमाहा' आजारापूर्वीचं. 'माय बेस्ट फ्रेंड' आजारापूर्वीचं. एअरप्लेनच्या पहिल्या अल्बमवरचं पहिलंच गाणं 'ब्लूज फ्रॉम ॲन एअरप्लेन' त्याने बॅलिनसोबत लिहिलंय, तेव्हा तो वीस वर्षांचासुद्धा धड नव्हता. म्हणजे प्रतिभा होतीच, ती आधी आली. आजार नंतर आला आणि आल्यावर त्याने काय दिलं तर एक अल्बम होईपर्यंत उसंत दिली आणि मग तीस वर्षं जवळजवळ सगळं काढून घेतलं. आजाराने जर गाणी येत असती तर त्या तीस वर्षांत ढीग लागला असता ना? तसं झालं नाही. अधूनमधून एखादं गाणं, बाकी शांतता.

एलएसडीचं म्हणाल तर ज्यांच्यात असा आजार मुळात दडलेला असतो त्यांच्यात नशेने तो उफाळून येऊ शकतो, हे आज डॉक्टर सांगतात. त्याच बँडमधल्या बॉब मोस्लीलाही पुढे हाच आजार निघाला आणि तोही काही काळ रस्त्यावर राहिला. पाच जणांच्या बँडमध्ये दोन जण. हे वाचल्यावर मला 'भारी' वगैरे शब्द सुचत नाहीत.

प्रश्न : मी घरीच एकटा रेकॉर्डिंग करतो, गिटार, बेस, ड्रम सगळं स्वतः. 'ओअर' एकट्याने केलाय असं तुम्ही म्हणालात. त्या काळात हे कसं केलं? टेक्निकली सांगू शकाल का?

अहो किती छान प्रश्न, हाच विचारावा असं मला वाटत होतं.

बेलव्ह्यूमधून सुटल्यावर डेव्हिड रुबिनसन, म्हणजे मोबी ग्रेपचा प्रोड्यूसर, त्याने याच्यासाठी नॅशव्हिलमधला कोलंबियाचा स्टुडिओ मिळवून दिला. कंपनीकडून मिळालेल्या पैशातून याने मोटरसायकल घेतली आणि त्यावर बसून नॅशव्हिलला गेला. हॉस्पिटलच्या पायजम्यात गेला असंही लोक सांगतात, ते मी दंतकथेच्या खात्यात टाकते. डिसेंबर १९६८. स्टुडिओत इंजिनिअर माइक फिग्लिओ आणि रुबिनसनने त्याला दिलेली एक सूचना, की हा काहीही वाजवत असो, टेप बंद करायची नाही.

मशीन तीन ट्रॅकचं, म्हणजे टेपवर शेजारी शेजारी तीनच वेगळे पट्टे. हे लक्षात घ्या, १९६८ संपत आलेलं, मोठे बँड तोवर आठ ट्रॅकवर गेलेले, आणि इथे तीन. तुमच्याकडे आज कॉम्प्युटरवर हवे तितके ट्रॅक आहेत, चुकलं की मागे जाता येतं. तीन ट्रॅकवर एकट्या माणसाला काय करावं लागतं, तर प्रत्येक गोष्ट वेगळी वाजवायची, आधीचं हेडफोनवर ऐकत, आणि चौथी गोष्ट घालायची असेल तर आधीच्या दोन मिसळून एका ट्रॅकवर घ्यायच्या. एकदा मिसळलं की मिसळलं. गिटार जास्त झाली, आवाज दबला, आता काही करता येत नाही. म्हणजे पहिली गोष्ट वाजवतानाच शेवटची डोक्यात पाहिजे.

आणि तालाचं बघा. कानात टिकटिक करणारा क्लिक वगैरे प्रकार नाही. बँड एकत्र वाजवतो तेव्हा एकमेकांकडे बघून लय सांभाळतो, गायक जरा रेंगाळला की ड्रमर थांबतो. इथे बघायचं कुणाकडे? मगाच्याच स्वतःकडे. मगाशी मी जिथे रेंगाळलो तिथे आता मला ड्रमवर रेंगाळायचंय. 'ओअर'मध्ये तुम्हाला जे ढिलं, हलतंय असं वाटतं ना, ते नीट कान देऊन ऐका. गिटार ओळीच्या शेवटी किंचित मागे ओढली जाते आणि बेससुद्धा तिथेच मागे येतो. पडत नाही, झुकतो, दोन्ही बरोबर. मी हे कितव्या तरी वेळी हेडफोन लावून रात्री ऐकताना पकडलं आणि त्या रात्री पहिल्यांदा मला कळलं की हा विस्कळीत नाहीये, याला आपण कुठे आहोत हे पूर्ण माहितीये.

आवाजाचं तर विचारूच नका. बावीस वर्षांचा मुलगा, आणि 'क्रिपल क्रीक'मध्ये म्हाताऱ्यासारखा खर्जात गातो. 'वेटेड डाऊन'मध्ये आवाज इतका खाली, इतका सावकाश, की प्रत्येक शब्द उचलून ठेवल्यासारखा वाटतो. आणि 'वॉर इन पीस'मध्ये तोच माणूस वर, पातळ, जवळजवळ हवेत. त्या गाण्याच्या शेवटी क्रीम या तेव्हाच्या गाजलेल्या बँडच्या एका प्रसिद्ध गिटारच्या ओळीचा तुकडा येऊन जातो, म्हणजे बाहेर काय चाललंय हे त्याला माहीत होतं, तो बंद खोलीत नव्हता. 'लॉरेन्स ऑफ युफोरिया' तर सरळसरळ शाब्दिक कोट्यांचं गाणं आहे, हसत हसत केलेलं.

शेवटचं 'ग्रे / आफ्रो', नऊ मिनिटांच्या वर. गिटार नाहीच, फक्त बेस आणि ड्रम आणि मागे कुठेतरी धुक्यात आवाज. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा कंटाळा येईल, हे मी प्रामाणिकपणे सांगते, मलाही आला होता. पण तुम्ही स्वतः रेकॉर्डिंग करता म्हणून एक सांगते, तो बेस आणि ड्रम एकाच माणसाने वेगवेगळे वाजवलेत हे डोक्यात ठेवून ऐका. दोन माणसं समोरासमोर बसून बोलतायत असं वाटतं.

अल्बमचं नाव ओअर, म्हणजे वल्हं. एकट्याच्या हातातलं.

प्रश्न : मग एवढा चांगला अल्बम चालला का नाही?

मे १९६९ मध्ये आला, कंपनीने त्याच्यामागे काहीच लावलं नाही, स्पेन्स गावोगाव जाऊन गाणी करण्याच्या अवस्थेत नव्हता, वर्षभरात दुकानांतून गेला. कोलंबियाच्या इतिहासात सगळ्यात कमी खपलेल्या रेकॉर्ड्समध्ये त्याचं नाव घेतात. दोन वर्षांपूर्वी याच कंपनीने याच माणसाच्या बँडच्या पाच सिंगल्स एका दिवसात काढल्या होत्या, हे आठवलं की मला अजून राग येतो.

प्रश्न : हे पत्र छापलं तरी चालेल पण नाव नको. माझ्या धाकट्या भावाला तीन वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. तो गाणी लिहितो, गिटार वाजवतो. औषधं चालू आहेत, बरा आहे. पण तो असल्याच कलाकारांबद्दल वाचत असतो आणि मध्ये एकदा म्हणाला की औषधांनी माझी गाणी मरतील. घरचे म्हणतात गिटारच काढून घ्या. तुमचा लेख वाचून वाटलं तुम्हाला विचारावं.

ताई म्हणू की दादा माहीत नाही, पण तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. मी डॉक्टर नाही, औषधांबद्दल जे काही असेल ते त्याच्या डॉक्टरांशीच बोला, आणि त्याचं ते वाक्य, 'गाणी मरतील', तेसुद्धा जसंच्या तसं डॉक्टरांच्या कानावर घाला. औषधाने सुस्ती येते, बोटं जड होतात, मन बोथट वाटतं, अशा तक्रारी असतात आणि त्यावर डोस बदलणं, औषध बदलणं असे मार्ग असतात, पण ते डॉक्टरांनी करायचं, त्याने स्वतः बंद करायचं नाही. तो खोटं बोलत नाहीये किंवा नाटक करत नाहीये, त्याला खरंच भीती वाटतेय, एवढं घरच्यांनी आधी मान्य केलं तर अर्धं काम होईल.

गिटार मात्र काढून घेऊ नका. माझ्या मते तरी नका.

आणि त्याला स्पेन्सबद्दल वाचायचं असेल तर अर्धंच वाचू देऊ नका, कारण या लोकांच्या गोष्टी नेहमी अर्ध्याच सांगितल्या जातात, कुऱ्हाड, मोटरसायकल, एकट्याने केलेला अल्बम, बस, इथे थांबतात. पुढचं सांगा. पुढची वर्षं तो सॅन होजे, सांताक्रूझ या भागात राहिला. दारू, हेरॉइन, आजार. कधी सरकारी देखरेखीखालच्या घरात, कधी रस्त्यावर. चार मुलांचा बाप, जो त्यांना वाढवू शकला नाही. बँडचे जुने मित्र त्याला अधूनमधून सोबत घ्यायचे, १९७१ च्या त्यांच्या अल्बमवर त्याचं एक गाणं आहे, 'चायनीज साँग', त्यात त्याने कोटो नावाचं जपानी तंतुवाद्य वाजवलंय आणि ते इतकं शांत आणि सुंदर आहे की ऐकताना वाटतं, या माणसाला वेळेवर नीट उपचार आणि सांभाळणारं कुणी मिळालं असतं तर अशी किती गाणी झाली असती. हे गाणं भावाला ऐकवा. शक्य झालं तर शेजारी बसून ऐका, काही बोलू नका.

उपचार आज आहेत. १९६८ मध्ये जे होते त्यापेक्षा कितीतरी बरे आहेत. मला पुन्हा पत्र लिहा, तो कसा आहे ते कळवा. छापणार नाही.

प्रश्न : सुरुवात कुठून करू? थेट 'ओअर'?

नाही. आधी मोबी ग्रेपचा पहिला अल्बम, पूर्ण, एका बैठकीत. मग 'ओअर', आणि त्यातही पहिल्यांदा फक्त पहिलं गाणं 'लिटल हँड्स'. ते आवडलं तर थांबा, दुसऱ्या दिवशी पुढे जा. आजूबाजूला बडबड चालू असताना किंवा काम करता करता लावू नका, तो तसा अल्बम नाही. पुढे जास्तीची गाणी घालून नव्याने निघालेल्या आवृत्त्या आहेत, त्या नंतर बघा, मूळ बारा गाणी आधी. मोबी ग्रेपचा दुसरा अल्बम सावकाश घेतला तरी चालेल. त्यात स्पेन्सचं एक गाणं आहे जे नीट ऐकायला रेकॉर्ड प्लेअरचा वेग ७८ वर करावा लागायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला उठून मशीनपाशी जावंच लागायचं. त्याला असली मजा आवडायची, हेही लक्षात राहू दे.

बाकी त्या काळातले असे विसरलेले अजून कोण, असं तिघांनी विचारलंय. जॅक्सन सी. फ्रँकवर पुढच्या अंकात लिहिते, १९६५ चा एकच अल्बम, लंडनमध्ये केलेला, पॉल सायमनने प्रोड्यूस केलेला. त्याला दोन ओळींत उरकायचं नाहीये.

प्रश्न : ताई, तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकलंत त्याला?

नव्वदच्या दशकात, मित्राने कॅसेटवर भरून दिलं होतं. कॅसेटच्या पट्टीवर त्याने पेनाने फक्त 'ओर' लिहिलेलं, कलाकाराचं नाव नाही. एका बाजूला पूर्ण मावलं नाही म्हणून शेवटचं गाणं मध्येच तुटायचं, खट्. कितीतरी वर्षं मला वाटायचं की ते गाणं तसंच आहे, मध्येच तुटणारं. पुढे सीडीवर पूर्ण ऐकलं तेव्हा त्या खट्च्या जागेनंतर जे चालू राहिलं, त्याने मी अक्षरशः हलले. अजूनही तिथे पोचले की मान आपोआप वर होते.

प्रश्न : त्याला जिवंतपणी कधी कळलं का की लोकांना त्याची गाणी एवढी आवडतात? हा प्रश्न वेडगळ असेल तर सोडून द्या.

अजिबात वेडगळ नाही, हा मी स्वतः किती वेळा स्वतःला विचारलाय.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बिल बेंटली नावाच्या माणसाने ठरवलं की 'ओअर'मधली सगळी गाणी वेगवेगळ्या कलाकारांकडून गाऊन घ्यायची. रॉबर्ट प्लँट, टॉम वेट्स, बेक, रॉबिन हिचकॉक, मार्क लॅनेगन, अशी नावाजलेली माणसं तयार झाली. प्लँट तर मोबी ग्रेपचा तरुणपणापासूनचा चाहता, त्याने 'लिटल हँड्स' गायलं. अल्बमचं नाव 'मोअर ओअर'. तोवर स्पेन्सला फुप्फुसाचा कॅन्सर झालेला होता आणि तो सांताक्रूझला हॉस्पिटलमध्ये होता. १६ एप्रिल १९९९ ला तो गेला, त्रेपन्नावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

'मोअर ओअर' दुकानात यायचा होता अजून. पण तयार झालेला अल्बम आधीच हॉस्पिटलमध्ये नेला होता, आणि शेवटच्या दिवसांत त्याच्या खोलीत तो लावला होता. डिसेंबर १९६८ मध्ये त्याने नॅशव्हिलला एकट्याने केलेली ती सगळी गाणी, यावेळी दुसऱ्यांच्या आवाजात, आणि तो पडून ऐकत होता.